पहिल्या खेपेचं नको

कचरू गाडेकर पंगतीत वाढायला उभा राहिला की जेवणाऱ्यांची खैर नसे. भोकरदनहून जाफराबादच्या वाटेला लागल्यावर जी गावं लागतात, त्यातल्या कुठल्याही लग्नात बुंदीची बादली कचरूच्याच हातात द्यायची, हे ठरलेलं. नात्यातला असो वा नसो. उंच, किडकिडीत, कायम थोडा पुढं वाकलेला हा माणूस पाहुण्यासमोर उकिडवा बसे आणि "एकच घास, माझ्या हातचा" म्हणत दोन ओंजळी बुंदी टाकून पुढं सरके. पाहुण्यानं पानावर आडवा हात धरला तर त्या हाताकडं तो बारकाईनं बघे. हात पानाला टेकला असेल तर माणूस खरंच जेवलाय. हात वीतभर वर असेल तर ते नुसतं नाही म्हणायचं म्हणून नाही म्हणणं झालं, बिनधास्त वाढायचं. यात त्याचा अंदाज क्वचितच चुकायचा.

या भागातली रीतच तशी आहे. पाहुण्यानं पहिल्या खेपेला नको म्हणायचं, यजमानानं आग्रह करायचा, पाहुण्यानं पुन्हा हात आडवा करायचा, मग यजमानानं शपथ घालायची, आणि शेवटी दोघांच्याही मनासारखं व्हायचं. पहिल्या हाकेला जो ताट पुढं करतो तो हावरा. कचरूनं ही रीत नुसती पाळली नाही, अंगात मुरवून घेतली. चहा असो, जीपमधली जागा असो, नाही तर गणपतीच्या वर्गणी कमिटीतलं नाव असो, काहीही पुढं आलं की त्याच्या तोंडून आधी "नको" निघे आणि पाठोपाठ "त्यांना द्या आधी". सुरेखा, त्याची बायको, म्हणायची की या माणसाला स्वर्गाच्या दारात उभं केलं तरी तो मागच्यांना आत सोडत बसेल.

जन्मच तसा झाला होता म्हणा. आधीची दोन लेकरं दगावली म्हणून त्याच्या आईनं, चांगुणाबाईनं, त्याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवलं आणि परत उचलून आणलं, म्हणजे नजर लागायला नको. नाव ठेवलं कचरू. लेकरू जगलं. पण कुणाच्या डोळ्यावर यायचं नाही, हे त्या लेकरानं फारच मनावर घेतलं असं मला वाटतं.

सातवीत शाळा सुटली. मग लोकांची शेतं, मंडपवाल्याकडं खांब रोवणं, आणि लग्न झाल्यावर दर साली दिवाळी सरली की अंकुशनगर. तिथल्या साखर कारखान्यात तो हंगामी कामगार होता. ऊस गाडीतून उतरून जिथं आत ओढला जातो त्या गव्हाणीवर त्याचं काम. हंगाम संपेपर्यंत पत्र्याच्या खोलीत चारपाच जणांत राहायचं, स्वतःच्या भाकरी स्वतः थापायच्या, आणि गाळप थांबून पट्टा पडला की गावी यायचं. त्याची लेक अक्षता पहिल्यांदा चालली तेव्हा तो गव्हाणीवर होता. तिचे दुधाचे दात पडले तेव्हाही तिथंच. एकदा हंगाम संपवून घरी आला तर पोरगी आईच्या मागं लपली आणि हा कोण म्हणून विचारती झाली. गावात तो हे हसत सांगायचा. सुरेखाला मात्र ठाऊक होतं की त्या रात्री तो जेवला नव्हता.

सुरेखानंच मग त्याला पुन्हा शाळेत घातलं. भोकरदनला बाजारामागं एका संस्थेचं केंद्र आहे. शाळा सुटलेल्यांनी, वय झालेल्यांनी तिथं यायचं, मुक्त विद्यालयाची दहावी द्यायची, नंतर एखादं हातचं काम शिकायचं. बचत गटाच्या बैठकीत तिला हे कळलं आणि तिनं नवऱ्याला न विचारता त्याचं नाव घालून टाकलं. विचारलं असतं तर तो काय म्हणाला असता, हे सांगायला नको. चाळिशीला टेकलेला कचरू पोराठोरांत बसला, गणितात एकदा आपटला, दुसऱ्या फेरीत सुटला. मग वायरमनचा कोर्स केला. त्यात मात्र तो रमला. वीज दिसत नाही पण तिचं तंत्र सांभाळावं लागतं, हे त्याला बिलकुल पटलं होतं. माणसांशीही तो तसाच वागत आला होता.

केंद्रावरच्या प्रभावती मॅडम मोठ्या तळमळीच्या बाई. नुसता कोर्स करून भागत नाही, नोकरी मागता आली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. म्हणून शेवटचा महिना त्या मुलाखतीची तालीम घेत. स्वतः टेबलामागं साहेब होऊन बसत आणि एकेकाला दारातून आत यायला लावत. शर्ट खोचलेला पाहिजे, खुर्ची ओढताना आवाज नको, ओळख थोडक्यात सांगायची. कचरूची ओळख पहिल्यांदा त्याच्या आज्याच्या गावापासून सुरू झाली आणि मॅडमनी हात जोडले तेव्हा थांबली. पण तो शिकला. शेवटी शेवटी तो इतका बराबर "गुड मॉर्निंग सर" म्हणायचा की बाकीची पोरं त्याच्याकडं बघून शिकायची. तालीम "थँक यू सर"पाशी संपायची. त्याच्यापुढं काय होतं, ते कुणी विचारलं नाही.

दसरा झाला आणि जालन्याहून बोलावणं आलं. बियाणांच्या एका कंपनीला शीतगृहावर वायरमन पाहिजे होता. काम बाराही महिन्यांचं. सकाळच्या एसटीनं जायचं, संध्याकाळी घरी यायचं. हे शेवटचं वाक्य कचरूनं सुरेखाला दोनदा ऐकवलं. अक्षता यंदा दहावीला होती. दिवाळीनंतर कारखान्याची गाडी गावातून निघणार होती, आणि या साली त्या गाडीत बसायचं नाही एवढी एकच गोष्ट त्याला मनापासून हवी होती.

कंपनीत देशमाने नावाचे इंजिनिअर होते. साधा माणूस, कामात बुडालेला. त्यांनी कचरूची ओळख ऐकली, सर्टिफिकेट पाहिलं आणि त्याला थेट शीतगृहामागच्या पॅनेलपाशी नेलं. एक मोटर सुरू होत नव्हती. कचरूनं आधी मेन बंद केला, टेस्टर लावून खात्री केली, मगच हात घातला. स्टार्टरमधली एक वायर ढिली झाली होती. ती त्यानं कसली, मेन लावला, मोटर घुरघुरत चालू झाली. काम काही फार मोठं नव्हतं, पण घाई न करता केलेलं होतं. साहेबांना ते आवडलं. दोघं परत केबिनमध्ये येऊन बसले.

"चहा सांगू?" साहेबांनी विचारलं.

"नको साहेब, आत्ताच झाला," कचरू म्हणाला. पहाटेपासून त्याच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं.

"बरं," साहेब म्हणाले आणि समोरचे कागद चाळू लागले.

कचरूला जरा चमत्कारिक वाटलं. नुसतं बरं? पण मोठी माणसं, त्यांच्या मागं हजार व्याप, असं त्यानं मनाचं समाधान केलं. तेवढ्यात साहेबांनी मान वर केली.

"गाडेकर, काम आवडलं तुमचं. सोमवारपासून येता का?"

कचरूला एकदम अंगणात अभ्यासाला बसलेली अक्षता दिसली. आनंदानं त्याचे कान गरम झाले. आणि तोंडानं, वर्षानुवर्षं मुरलेल्या सवयीनं, आपलं काम चोख केलं.

"राहू द्या साहेब. माझं काय एवढं. बाहेर पोरं बसलेत, माझ्यापरीस शिकलेले हायेत. त्यांना बघा आधी."

देशमाने साहेबांनी समोरचे कागद मिटले. मग म्हणाले, "ठीक आहे. तुमची मर्जी. आलात, बरं वाटलं." आणि त्यांनी पुढच्याला आत बोलावलं.

कचरू उठला, "थँक यू सर" म्हणाला, खुर्ची आवाज न करता सरकवली. दाराबाहेर चपला घालायला त्यानं जरा वेळच लावला. मागून हाक येईल म्हणून. हाक आली नाही. पण त्याला वाईट वाटलं नाही. साहेबांसारखा माणूस परक्यांदेखत कशाला आग्रह करील? फोन करतील सावकाश.

घरी आला तो खुशीतच. "इचारलं त्यांनी," तो सुरेखाला म्हणाला. "स्वतःच्या तोंडानं इचारलं, येता का म्हणून. लई मायेनं बोलले."

"मंग झालं तर," सुरेखा म्हणाली आणि तिनं शेजारीपाजारी सांगूनही टाकलं.

फोन आला नाही. सोमवार गेला, पुढचाही गेला. कचरू मोबाइल खिशात न ठेवता हातात धरून हिंडू लागला. वर्षाची दिवाळी तोंडावर आली. कारखान्याच्या गाडीवाल्याचा निरोप आला, येणार असलास तर जल्दी सांग, जागा धरून ठेवतो. कचरूनं त्याला "बघू" म्हणून सांगितलं, आणि गाडीवाला त्याला बारा हंगामांपासून ओळखत असल्यानं त्यानं त्याचा अर्थ बराबर "येतो" असा लावला.

शेवटी प्रभावती मॅडमच स्कूटीवर गावात आल्या. ओट्यावर बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "अहो गाडेकर, मी कंपनीत फोन केला होता. तुम्ही नको म्हणालात?"

"म्या? म्या काहून नको म्हणन, मॅडम? वाट बघून राह्यलो ना इथं."

"साहेब म्हणाले, माणूस चांगला होता, पण त्याला यायचं नव्हतं."

कचरूचा चेहरा पडला. मग समजावून सांगावं तसं म्हणाला, "मॅडम, नको तर म्हणावंच लागतं ना. पहिल्या खेपेला कोण हो म्हणतं का? बरं दिसतं का ते?"

मॅडम खळखळून हसल्या. आणि हसता हसता थांबल्या. त्यांना मागच्या तुकडीतली ती पोरगी आठवली, कपड्याच्या दुकानात काम मिळत असताना "घरी इचारते" म्हणून आलेली. दोन पोरं आठवली, "बघू" म्हणून परतलेली. या पोरांना कामच करायचं नसतं, असं म्हणत त्यांनी त्यांच्यावर किती चिडचिड केली होती. त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आत कसं जायचं ते शिकवलं हो मी. हो कसं म्हणायचं ते राहूनच गेलं."

सुरेखा चहा घेऊन आली. तिनं सगळं आतून ऐकलं होतं.

"मॅडम, यांचं हे आजचं न्हाई," ती म्हणाली. "मला बघायला आल्ते, तवा माझ्या बापानं इचारलं, पोरगी पसंत हाये का? तर हे म्हणाले, तुमची मर्जी, दुसरं कोणी चांगलं आसन तर आधी त्यांना दाखवा. माझा बाप उठलाच व्हता. यांच्या मामानं हात धरून बसवलं, म्हणला पोरगा दोन रोज झाले झोपला न्हाई, हो म्हणतोय तो. मामा नसता तर मी आज दुसऱ्याच्या घरी असते."

मॅडम पुन्हा हसल्या. कचरू हसला नाही. तो अंगणाकडं बघत होता.

"अंकुशनगरलाबी असंच झालं का मंग?" तो हळूच, स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला.

"काय झालं?" सुरेखानं विचारलं.

"टाइमकीपरनं एकडाव इचारलं व्हतं. कायम व्हायचं का म्हणून. अक्षता लहान व्हती तवा. म्या म्हणलो, माझ्या खोलीतल्या संपतला करा आधी, त्याला लेकरं जास्त हायेत. संपत झाला कायम. त्याला क्वार्टर बी भेटलं, बायको-लेकरं घेऊन गेला तो तिकडं. म्या समजलो, पुढल्या साली मला इचारतीन."

सुरेखाच्या हातातला कप तसाच राहिला. "हे तुम्ही मला कधी सांगितलं न्हाई."

"सांगण्यासारखं काय व्हतं त्यात?"

सुरेखानं कप खाली ठेवला. रागावली असती तर कचरूला बरं वाटलं असतं. ती आत गेली, थोड्या वेळानं डोळे पुसून बाहेर आली आणि त्याचा खोचायचा शर्ट दोरीवर टाकत म्हणाली, "उद्या जालन्याला जा. आन तिथं पंगतीत बसलो हाये असं समजू नका. तिथं कोणी दुसऱ्या डाव वाढीत न्हाई."

दुसऱ्या दिवशी कचरू एसटीत बसला तो ओठातल्या ओठात घोकतच. मला पाहिजे. मला काम पाहिजे. शब्द सोपे होते, पण जन्मात कधी वापरले नसल्यामुळं जिभेला वळण नव्हतं. शेजारी खिडकीला एक म्हातारबाबा बसले होते. त्यांना वाटलं याला खिडकीच पाहिजे. ते उठून म्हणाले, "बस बाबा, बस इकडं." कचरू ओशाळून म्हणाला, "नको नको बाबा, बसा तुम्ही." मग उरलेल्या वाटेत तो स्वतःवरच चिडून गप्प बसून राहिला.

देशमाने साहेबांनी त्याला लगेच ओळखलं. "अरे, गाडेकर. या. पण ती जागा भरली हो."

"बरं साहेब," कचरू म्हणाला. "येतो मंग."

आणि तो खरंच बाहेर आला. पायांनी त्याला फाटकापर्यंत आणलं. रस्त्यापलीकडं एसटीचा थांबा होता, भोकरदनची गाडी येऊन उभीच होती. जागा भरली, विषय संपला. आपल्या नशिबात नव्हतं असं म्हणून या गाडीत बसलं असतं तर त्याला कुणीही नाव ठेवलं नसतं. आजवर प्रत्येक वेळी त्यानं तेच केलं होतं. पण त्याला ती आईच्या मागं लपलेली पोरगी आठवली. ती आता दहावीला होती. अजून दोनतीन वर्षांत ती शिकायला नाही तर सासरी, कुठंतरी जाणार, आणि बाप म्हणून घरात राहायचे हंगाम आता बोटांवर मोजण्याइतकेच उरले होते. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी निघून गेली.

कचरू माघारी वळला. न बोलावता कुणाच्या दारातून आत जायची त्याची ही पहिलीच वेळ. केबिनमध्ये साहेब फोनवर होते. त्यांचं बोलणं संपेपर्यंत तो उभा राहिला आणि मग म्हणाला, "साहेब, मला काम पाहिजे."

साहेबांनी फोन बाजूला ठेवला.

"त्या रोजी बी पाहिजे व्हतं. म्या नको म्हणलो ते खरं न्हाई. आमच्यात तसं म्हणायची पद्धत हाये. ती जागा गेली तर गेली, दुसरी कोणतीबी चालन. पण मला पाहिजे."

देशमाने साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अहो, आमच्या घरीही तीच पद्धत आहे," ते म्हणाले. "पण मला वाटलं, रोजचं येणं-जाणं लांब पडतंय म्हणून तुम्ही सभ्यपणानं नाही म्हणताय. बसा." मग त्यांनी थोडा विचार केला. "मागच्या गोदामात एक माणूस लागणार आहे. तात्पुरता, तीन महिन्यांसाठी. काम बघून पुढचं ठरवू, पण आत्ता शब्द देत नाही. धूळ आहे, गर्मी आहे. असं करा, घरी विचारा, चार दिवसांनी कळवा. घाई नाही."

साहेब भला माणूस, त्यानं आपल्या परीनं सवड दिली. पण कचरूला ती सवड म्हणजे जुन्या वाटेचं उघडं फाटक वाटलं. जिभेच्या टोकावर "बरं साहेब, बघतो" येऊन उभंही राहिलं होतं. त्यानं ते गिळलं.

"इचारायचं न्हाई," तो म्हणाला. "येतो म्या. सोमवारी सकाळी येतो."

बाहेर येऊन त्यानं आधी कारखान्याच्या गाडीवाल्याला फोन लावला आणि माझी जागा धरू नको म्हणून सांगितलं. गाडीवाल्यानं हसून विचारलं, म्हणजे येतोस ना? कचरूनं त्याला पुन्हा एकदा, सावकाश, न्हाई येत म्हणून सांगितलं. मग सुरेखाला लावला. तिनं पहिल्या घंटीलाच उचलला.

"काय म्हणले?"

"हो म्हणले."

सुरेखा आपल्या नवऱ्याला पुरती ओळखून होती. "आन तुम्ही? तुम्ही काय म्हणलात?"

"अगं, म्याच आधी म्हणलो," कचरू म्हणाला, आणि पुढं त्याला बोलता येईना.

फोन तसाच चालू होता. पलीकडून अक्षताचा आवाज आला, काय झालं म्हणून विचारत होती, रडतीस काहून म्हणून.

"काही न्हाई," सुरेखा तिला सांगत होती. "तुझे पप्पा या साली कुठं जात न्हाईत."